‘तुमच्याकडे मधुमेह आहे का?’

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,
मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते. मराठी माध्यमातून बी.ए. केलं आणि आता घरबसल्या भाषांतराची कामं घेते. सध्या एका दवाखान्याच्या नोंदणी फॉर्मचं काम आहे. त्याला घरोघर जाऊन विचारायची एक प्रश्नावलीही जोडलेली आहे. इंग्रजीत जवळजवळ प्रत्येक ओळीत ‘हॅव’ येतं. एकसारखेपणा राहावा म्हणून शब्दकोश बघून मी सगळीकडे ‘तुमच्याकडे अमुक आहे का’ असं केलं. तपासनिसांनी ‘भाषा यांत्रिक, इंग्रजीची समज कमी’ असा शेरा मारून फाइल परत पाठवली. त्यांनी स्वतः केलेला ‘आपण मधुमेहग्रस्त आहात का’ हा बदल मात्र मला पटत नाही. घरचे म्हणतात, आधी इंग्रजी बोलण्याचा क्लास लाव, मग ही कामं घे. क्लासची फी माझ्या तीन महिन्यांच्या कमाईएवढी आहे. ‘हॅव’चा नेमका अर्थ कोणता धरायचा? आणि क्लास लावू का?
(नाव छापू नये ही विनंती)

उत्तर

ताई,

क्लासचं आधी सांगते, कारण त्यात पैसे अडकणार आहेत. लावू नका. पुढे कधी हौस म्हणून लावलात तर गोष्ट वेगळी, पण या फाइलसाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. पत्रासोबत पाठवलेली तुमची फाइल पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. इंग्रजी प्रश्न तुम्हाला जवळजवळ सगळे कळले आहेत, अर्थ घसरलाय तो एक-दोन ठिकाणीच. बिघडलं आहे ते मराठीच्या बाजूला, आणि तेही दिवसभर तोंडात असलेली मराठी तुम्ही कागदावर येऊ दिली नाहीत म्हणून. पोराचं अंग गरम लागलं तर ‘तुझ्याकडे ताप आहे का’ असं तुम्ही कधी म्हणाल का? ‘ताप आलाय का रे’ असंच म्हणाल.

‘हॅव’चा नेमका अर्थ विचारलात. इंग्रजीतला हा शब्द मुळात ‘पकडणं, धरणं’ या अर्थाच्या धातूतून आला आहे. म्हणजे इंग्रजीत माणूस आधी उभा राहतो आणि बहीण, ताप, जमीन, वेळ, शंका सगळं काही ‘धरतो’. मराठीत तसं क्रियापदच नाही. आपल्याकडे वस्तू ‘असते’, आणि ती कुणाशी कशी जोडलेली आहे हे ला, चा, कडे, जवळ, त असल्या छोट्या अक्षरांनी कळतं. यात मराठीचं काही कमी नाही. संस्कृतात ‘त्याचा पुत्र आहे’ अशीच रचना, कोकणीत ‘म्हाका दोन भाव आसात’, रशियनमध्ये ‘माझ्यापाशी आहे’ आणि हंगेरियनमध्ये तर अगदी आपल्यासारखं ‘मला आहे’. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बांव्हनिस्त यांनी 1960 मध्ये एका निबंधात हीच गोष्ट मांडली होती. ‘असणे’ हे मूळ आणि ‘हॅव’सारखं क्रियापद म्हणजे त्याचीच उलटी करून केलेली मांडणी, असं त्यांचं म्हणणं. शब्दकोशात ‘हॅव’पुढे ‘जवळ असणे, बाळगणे’ दिसतं ते खोटं नाही. पण ‘बाळगणे’ हे शस्त्र, भीती, संयम, ओळखपत्र अशा मोजक्या जागीच चालतं.

म्हणून ‘हॅव’चा अर्थ शोधत बसू नका. वाक्यातून ते खोडा आणि उरलेल्या दोन गोष्टींकडे बघा: माणूस कोण आणि दुसरी गोष्ट काय? मग स्वतःला विचारा, या दोघांचं नातं आपल्या घरात आपण कसं बोलतो?

तुमच्या फॉर्मचा चौथा प्रश्न घ्या, ‘हाउ मेनी चिल्ड्रेन डू यू हॅव?’ तुम्ही लिहिलंय, ‘तुमच्याकडे किती मुलं आहेत?’ हा प्रश्न अंगणवाडीच्या बाईंना विचारला तर त्या पटावरची संख्या सांगतील. ‘माझ्याकडे दोन बहिणी आहेत’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बहिणी सध्या हिच्या घरी राहायला आल्यात. आणि ‘माझ्याकडे एक मुलगा आहे’ हे वाक्य तर लग्नं जुळवणाऱ्या काकांचं. नात्याला ‘ला’ लागतं: मला दोन बहिणी आहेत, तुम्हाला किती मुलं आहेत. इथे आणखी एक अडचण आहे, ती तुमच्या लक्षात आली असेलच. आपल्याकडे ‘मुलं किती’ विचारलं की कितीतरी बायका ‘दोन मुलं, एक मुलगी’ असं उत्तर देतात, म्हणजे ‘मुलं’ याचा अर्थ फक्त मुलगे धरतात. फॉर्ममध्ये नुसता एक आकडा भरायचा असेल तर तो चुकतो. ‘मुलगे किती, मुली किती’ असे दोन रकाने करून घ्या. सरकारी फॉर्मवरच्या ‘हयात अपत्ये’ या शब्दांत मुलगे-मुली दोन्ही येतात, पण तोंडी विचारताना ते जड जातं.

अवयव, सवय, सुट्टी, अक्कल, आजार यांनाही बहुतेक वेळा हाच ‘ला’ लागतो. निर्जीव वस्तूंनासुद्धा: घराला दोन दारं आहेत, खुर्चीला तीनच पाय आहेत. जे हातातून दुसऱ्याच्या हातात देता येतं, त्याला ‘कडे’. पैसे, चावी, कागद, माहिती, जबाबदारी ही सगळी ‘कडे’ची माणसं. आत्ता या क्षणी हाताशी आहे का, हे विचारायचं तर ‘जवळ’. स्वभावातलं काही असेल तर ‘त’: तिच्यात धमक आहे. याच्या पलीकडे मराठीत एक मोठं भांडार आहे आणि ते कुठल्याही शब्दकोशात ‘हॅव’खाली सापडणार नाही. तिच्या पदरात दोन लेकरं आहेत. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. गाठीला चार पैसे आहेत, हाताशी माणूस आहे, गळ्यात सूर आहे, पाठीशी गाव आहे, दावणीला दोन म्हशी आहेत. इंग्रजीत या सगळ्याला एकच क्रियापद पुरतं. मराठी मात्र ती गोष्ट माणसाच्या नेमक्या कुठल्या जागी आहे ते दाखवल्याशिवाय पुढे जात नाही. हे तुम्हाला जन्मापासून येतं. भाषांतरात हीच तुमची कमाई आहे.

आता आजारांकडे येते, कारण फॉर्मचा मोठा भाग तोच आहे आणि तिथे नुसता ‘ला’ लावूनही भागत नाही. प्रत्येक दुखण्याचं आपलं आपलं क्रियापद असतं. ताप येतो, सर्दी होते, जुलाब होतात, चक्कर येते, फिट येते, दम लागतो, उचकी लागते, खाज सुटते, घाम सुटतो, अंगावर पुरळ उठतं, थंडी भरते, पायात गोळे येतात, हाताला मुंग्या येतात, कावीळ होते, कांजिण्या येतात. ‘डू यू हॅव’ या तीन शब्दांखाली हे सगळं दडलेलं असतं. ‘तुम्हाला चक्कर आहे का’ असं लिहिलं तर म्हातारी बाई क्षणभर बघत राहील आणि ‘न्हाई’ म्हणेल. ‘चक्कर येते का, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का’ असं विचारलंत तर सगळं सांगेल.

क्रियापद बदललं की वैद्यकीय अर्थही बदलतो. ‘तुम्हाला दमा आहे का’ हा एका रोगाचा प्रश्न. ‘तुम्हाला दम लागतो का’ हा लक्षणाचा, आणि तो हृदयाच्या दुखण्यातही लागतो. तुमच्या फाइलमध्ये अकराव्या ओळीत इंग्रजी प्रश्न लक्षणाचा आहे, तिथे ‘दमा’ आलाय, तो बदला. शक्य असेल तर ‘चालताना किंवा जिना चढताना’ हेही जोडायला सुचवा, नाहीतर शेतात राबणारा प्रत्येक माणूस ‘लागतो की’ म्हणेल.

मग काळ. ‘ताप आहे का’ म्हणजे आत्ता. ‘ताप येतो का’ म्हणजे अधूनमधून, पुन्हा पुन्हा. ‘गेल्या दोन आठवड्यांत ताप येऊन गेला का’ म्हणजे आला आणि उतरला. इंग्रजीत ‘हॅव यू हॅड फीवर’ असं दोनदा तेच क्रियापद घालून जे सांगायची धडपड असते, ते मराठीत ‘येऊन गेला’ या दोन शब्दांत नेटकं बसतं. तुम्ही तिथे ‘तुमच्याकडे ताप होता का’ लिहिलंत. टीबीच्या प्रश्नाला ‘पूर्वी कधी टीबी झाला होता का’ असं हवं, कारण तिथे ‘येऊन गेला’ म्हटलं तर आजाराचं गांभीर्य जातं.

बायकांच्या पानावर एक शब्द जपून वापरा. इंग्रजीत मूल आपोआप पडणं आणि पाडणं यांना वेगळे शब्द आहेत, मराठी फॉर्मवर दोन्हींना ‘गर्भपात’ लिहितात. ‘गर्भपात झाला आहे का’ या प्रश्नाला, विशेषतः सासू शेजारी बसली असेल तर, बाई नाहीच म्हणेल. ‘दिवस गेल्यावर आपोआप पोट पडलं होतं का’ हा प्रश्न वेगळा ठेवा. ही गावची भाषा आहे म्हणून तपासनीस खोडायला निघाले तर खोडू देऊ नका. फार तर ‘आपोआप गर्भपात’ असं करा, पण ‘आपोआप’ जाऊ देऊ नका.

आणि ‘मधुमेहग्रस्त’. तुम्हाला ते पटलं नाही, ते योग्यच. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या शब्दांत माणूस आपत्तीखाली सापडलेला असतो. नोंदणीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या, चालत्याबोलत्या माणसाला ‘ग्रस्त आहात का’ विचारणं जड तर आहेच, शिवाय कित्येकांना ते कळणारही नाही. लोक ‘मला शुगर आहे’, ‘मला बीपी आहे’ असंच म्हणतात. ‘तुम्हाला मधुमेह म्हणजे शुगर आहे का?’ एवढं पुरे. आणि माझं आग्रहाचं म्हणणं असं की या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘कधी रक्त-लघवीची साखर तपासली आहे का’ हा प्रश्न असायला हवा. तपासलंच नसेल तर ‘नाही’ या उत्तराला काही अर्थ नाही. तो भाषांतराचा भाग नाही, मान्य. तरी सुचवा.

घरोघरच्या प्रश्नावलीत मात्र एक वेगळंच संकट आहे. तिथे मराठीला इंग्रजीपेक्षा जास्त माहिती लागते. ‘डू यू हॅव लँड?’ याला मराठीत निदान चार प्रश्न होतात. ‘तुम्हाला जमीन आहे का’ म्हटलं की माणूस घराण्याची जमीन सांगतो: ‘आम्हाला चार एकर आहे.’ ‘तुमच्याकडे जमीन आहे का’ म्हटलं की वाट्यानं, खंडानं केलेली दुसऱ्याची जमीनही त्यात येऊ शकते. ‘तुम्ही शेती करता का’ हे आणखी निराळं. आणि ‘तुमच्या नावावर जमीन आहे का’ म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे का. हा शेवटचा प्रश्न एखाद्या बाईला विचारून बघा. सगळा जन्म त्या रानात खुरपण्यात गेलेला असतो आणि सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचं. पहिल्या प्रश्नाला ती ‘हो’ म्हणेल, शेवटच्याला ‘नाही’. दोन्ही उत्तरं खरी, पण पाहणीचा निष्कर्ष मात्र पार उलटा. यातला कुठला प्रश्न हवा ते तुम्ही ठरवायचं नाही. ते प्रश्नावली करणाऱ्यांना विचारायचं.

कागदपत्रांचंही तसंच. ‘तुमच्याकडे आधार कार्ड आहे का’ याला बाई म्हणते, ‘घरी राहिलं.’ म्हणजे तिनं ‘आत्ता जवळ आहे का’ असं ऐकलं. कार्ड काढलेलं आहे की नाही हे हवं असेल तर ‘तुमचं आधार कार्ड काढलेलं आहे का’ असं विचारा. बँकेचं तसंच, ‘तुमच्या नावाचं बँकेत खातं आहे का’. विजेच्या प्रश्नाला तर फारच जपा. ‘लाइट आहे का’ हे आपल्याकडे भारनियमनात शेजारणीला ओरडून विचारतात, त्यातून कनेक्शनचा पत्ता लागत नाही. ‘घरात विजेचं कनेक्शन आहे का’ असं लिहा. नळ, शौचालय, गॅस यांना ‘तुमच्या घरात’ किंवा ‘घरी’ पुरतं.

फॉर्मच्या मागच्या सूचनांमध्ये ‘हॅव टू’ आहे. तिथली एक चूक दुरुस्त केल्याशिवाय फाइल पाठवू नका. एचबीएवनसी ही रक्ततपासणी साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, तिच्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. इंग्रजीत ‘यू डोन्ट हॅव टू’ असं लिहिलंय. तुम्ही केलंय, ‘या तपासणीला उपाशीपोटी यायचं नाही.’ मराठीत याचा अर्थ मनाई असा होतो. लोक मुद्दाम खाऊन येतील, आणि त्याच दिवशी उपाशीपोटीची साखरही तपासायची असेल, जिला किमान आठ तास पोट रिकामं लागतं, तर त्यांना परत जावं लागेल. एक दिवसाची मजुरी बुडेल. ‘उपाशीपोटी यायची गरज नाही’ किंवा ‘खाऊन आलात तरी चालेल’ असं हवं. गोळ्यांच्या सूचनेत असा घोटाळा झाला तर परिणाम याहून वाईट. ‘ही गोळी घ्यायची नाही’ आणि ‘ही गोळी नाही घेतली तरी चालेल’ यांच्यातलं अंतर डोळ्यांत तेल घालून बघा.

होकारी ‘हॅव टू’ला मराठीत पायऱ्या आहेत. ‘मला जायचंय’ यात ठरवलेलं आहे, ‘मला जावं लागतंय’ यात नाइलाज आहे, ‘मला जायला हवं’ यात कर्तव्य आहे. सूचनेत यांपैकी काहीच नको. ‘सकाळी 8 वाजता या’, ‘जुने रिपोर्ट सोबत आणा’ असं सरळ लिहा. ‘आपणास यावे लागेल’ हे वाचून माणूस उगाच दचकतो.

उरलेल्या ठिकाणी फार अडू नका. ‘हॅव युअर ब्लड टेस्टेड’ म्हणजे ‘रक्त तपासून घ्या’. दुसऱ्याकडून आपल्या भल्यासाठी करवायचं असलं की आपलं ‘घेणे’ मदतीला येतं. ‘ही हॅड हिज फोन स्टोलन’ची रचना तीच, पण तिथे ‘घेणे’ नाही, ‘त्याचा फोन चोरीला गेला’. ‘हॅव यू हॅड लंच’ म्हणजे ‘जेवलात का’. ‘हॅव अ सीट’ म्हणजे ‘बसा’. ‘वुई हॅव अ प्रॉब्लेम’ला ‘एक अडचण आहे’ म्हणा, ‘आमच्याकडे एक समस्या आहे’ नको. ‘माझ्याकडे वेळ नाही’ याला मी आता नावं ठेवत नाही. ‘मला वेळ नाही’ हे जुनं आणि मला जास्त जवळचं, पण दुसरंही आता लोकांच्या बोलण्यात रुळलंय. जे बोलण्यात खरोखर आलं ते कागदावर यायला हरकत नसावी. ‘तुमच्याकडे मधुमेह आहे का’ मात्र अजून कुणी बोलत नाही.

शब्दकोशांबद्दल. इंग्रजी-मराठीत मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला आणि कँडी यांनी पुरा केलेला 1847 चा कोश आजही पाहण्यासारखा आहे, पण या कामाला मी उलटा रस्ता सुचवेन. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर फुकट बघता येते. त्यात ‘लागणे’, ‘येणे’, ‘सुटणे’, ‘बसणे’ ही क्रियापदं काढून वाचा. एकेका क्रियापदाखाली केवढे वापर नोंदले आहेत ते पाहून तुमच्या ओळखीची बोली तुम्हाला परत भेटेल. त्यातले कामाचे एका वहीत उतरवून ठेवा. ओळ अशी: माणूस, गोष्ट, क्रियापद. पुढच्या फाइलला ही वहीच तुमचा कोश.

एकसारखेपणाचा तुमचा विचार वाईट नव्हता. औषधांची नावं, आजारांची नावं, रकान्यांची शीर्षकं यांत तो हवाच. एकदा ‘मधुमेह’, एकदा ‘डायबिटीस’ असं करून चालणार नाही. क्रियापदांत तो आणायला गेलात की मराठी मोडते.

आता फाइल परत पाठवताना तपासनिसांना चार ओळी लिहा. ‘इंग्रजीची समज कमी’ या शेऱ्यावर वाद घालू नका, बदलांची कारणं द्या. मी असं लिहिलं असतं:

‘आपल्या सूचनेनुसार फाइल पुन्हा तपासली. यांत्रिक वाटणारी वाक्यं बदलली आहेत. ओळ 7 मध्ये “मधुमेहग्रस्त” ऐवजी “मधुमेह म्हणजे शुगर” ठेवलं आहे, कारण रुग्ण तोच शब्द वापरतात. ओळ 31 मधल्या जमिनीच्या प्रश्नात मालकी, कसवणूक की कुटुंबाची जमीन, यांपैकी काय अभिप्रेत आहे ते कृपया संस्थेकडून विचारून कळवावं. ओळ 34 मध्ये आधार कार्ड काढलेलं असणं हवं की आत्ता सोबत असणं, तेही कळवावं. उत्तर येईपर्यंत या दोन ओळी पिवळ्या करून ठेवल्या आहेत.’

पाठवण्याआधी सगळे प्रश्न घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं विचारा. सासूबाई असतील तर उत्तम. कागद त्यांच्या हातात देऊ नका, फक्त विचारा आणि त्या काय उत्तर देतात ते ऐका. जिथे त्या ‘म्हंजे?’ म्हणतील त्या ओळीवर खूण करा. तुम्ही दुसऱ्यांदा समजावून सांगताना जे वाक्य तोंडातून निघेल, तेच त्या ओळीत लिहा.